जळलेली बाही

दोन्या एडिल्माने इस्त्री हातात घेतली की त्या दिवशी पाण्याला हात लावायचा नाही, हा नियम सान तादेओत सगळ्यांना पाठ होता. इस्त्रीच्या दिवशी भांडी तिची धाकटी बहीण नुबिया घासायची, कोंबड्यांना पाणीही तीच ठेवायची, आणि एडिल्मा कोरड्या फडक्याला हात पुसून तशीच जेवायला बसायची. तिच्यासमोर फ्रिजचे दार उघडायचीसुद्धा कुणाची छाती नव्हती. तापलेल्या अंगाला गारवा लागला की पास्मो होतो आणि तोंड वाकडे होते, हे तिला तिच्या आईने सांगितले होते आणि आईला तिच्या आईने. मी डॉक्टर म्हणून इथे नवीन आले तेव्हा हे ऐकून खो खो हसले होते. त्या हसण्याची किंमत तिने पुढे माझ्याकडून व्याजासकट वसूल केली.

मी समुद्रकाठची. आमच्याकडे ऊन असते आणि माणसे मोठ्याने बोलतात. डॉक्टरकी संपली की सरकार एक वर्ष खेड्यात राहायला लावते, ते वर्ष काढायला मी या डोंगरावर आले आणि धुके, कॉफीचे मळे आणि इथल्या लोकांचे हट्ट यांच्यात अडकले ती अडकलेच. पहिल्याच आठवड्यात एडिल्मा, जिला सगळे मानाने दोन्या म्हणजे बाई म्हणायचे, दवाखान्यात येऊन माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत उभी राहिली. मला वाटले काही दुखते आहे.

"कोट काढ," ती म्हणाली.

"का?"

"डॉक्टरीण असा चुरगळलेला कोट घालून फिरायला लागली तर हिच्या औषधावर कोण विश्वास ठेवणार? काढ. उद्या मिळेल."

दुसऱ्या दिवशी कोट आला. बाहीवर एकच घडी, सुरीने कापल्यासारखी. तेव्हापासून माझे कोट तिच्याकडे जातात आणि दर गुरुवारी परत येतात. पाद्र्यांचे झगे, देवळातल्या वेदीवरची कापडे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाला बसणाऱ्या पोरींचे पांढरे फ्रॉक, मेलेल्या माणसाला घालायचा शेवटचा शर्ट, सगळे तिच्याच टेबलावरून जायचे. तिच्या आईने कोळशाच्या इस्त्रीवर घर चालवले होते. एडिल्मा लहान असताना लाकडी खोक्यावर उभी राहून रुमालांना इस्त्री करायची, आणि रुमाल जळला तर आई तोच रुमाल तिच्या गळ्यात बांधून तिला शाळेत पाठवायची. त्यानंतर तिने कपडा जाळला नाही. हे ती स्वतः सांगायची, आणि गावही सांगायचे.

लग्नही झाले होते तिचे. नवरा कॉफीच्या खरेदीसाठी खाली खोऱ्यात गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. एडिल्माने रडारड केली नाही. घरात राहिलेले त्याचे शर्ट तिने कांजी घालून कडक इस्त्री केले आणि बसवाल्याच्या हाती पाठवून दिले. "त्या बाईला कळू दे, तिला काय जमणार नाही ते," एवढेच म्हणाली आणि पुढचे गाठोडे सोडले. मला ही बाई आवडायची. तिने माझा जीव किती खाल्ला ते आता सांगते, पण आवडायची हे आधी सांगून ठेवते.

तिचा रक्तदाब पहिल्यापासून चढा. मी गोळी दिली, रोज सकाळी घ्यायची म्हणून बजावले. महिन्याने आली, रक्तदाब तिथेच.

"गोळी घेता ना?"

"डोकं तापतं तेव्हा घेते."

"डोकं तापण्याशी गोळीचा संबंध नाही. रक्तदाब दुखत नाही, दोन्या एडिल्मा. तो गुपचूप वाढतो. म्हणून रोज घ्यायची."

"दुखत नाही तर औषध कशाला? इस्त्री गार असताना मी तिच्यावर पाणी मारते का?"

यावर मी ओरडायची. मग ती पट्ट्यात अडकवलेला दंड माझ्यापुढे नाचवून म्हणायची, "बघ, तूच चढवतेस माझा रक्तदाब. घरी असतो तेव्हा चांगला असतो." बाहेर बाकावर बसलेले लोक हसायचे. मला हसू यायचे नाही. या गावात साखर, रक्तदाब, दमा असलेल्या निम्म्या लोकांचा हाच हिशेब आहे, बरे वाटले की औषध बंद. माझी अर्धी डॉक्टरकी याच भांडणात गेली.

काही वर्षांपूर्वी एकदा तिचे तोंड खरेच वाकडे झाले. गावच्या जत्रेसाठी ती दिवसभर इस्त्रीवर उभी होती आणि कॉफीत घालायला दूध हवे म्हणून तिने स्वतः फ्रिज उघडला. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू लोंबकळत होती. मी तपासले. हात-पाय ठणठणीत, बोलणे फक्त ओठ नीट मिटत नाही म्हणून थोडे गळके. उजवा डोळा मिटत नव्हता. भुवया वर करायला सांगितल्या, तर डाव्या कपाळावर आठ्या पडल्या आणि उजवे कपाळ तसेच गुळगुळीत राहिले. ही चेहऱ्याच्या नसेची सूज. ती नस तिथल्या तिथे सुजते, तेव्हा तिच्या ताब्यातली सगळी बाजू जाते, कपाळासकट. दिसायला भयंकर, पण वेळेवर औषध दिले तर बहुतेक लोक बरे होतात.

"घाबरू नका," मी तिला आरसा दाखवून म्हणाले होते. "अर्ध्या कपाळाला तुम्ही आजवरची सगळ्यात चांगली इस्त्री केलीत, एवढंच झालंय."

सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या, डोळ्यात थेंब दिले, रात्री डोळ्यावर पट्टी लावायला शिकवले. तिने गोळ्या घेतल्या, पण घराच्या फटीत चिंध्या कोंबून आठवडेच्या आठवडे आत बसून राहिली. तोंड सरळ झाले. मी म्हणाले गोळ्यांनी, ती म्हणाली कोंडून घेतल्याने. गावाने तिची बाजू घेतली. तेव्हापासून सान तादेओत कुणाचे तोंड वाकडे झाले की आधी खिडक्या बंद व्हायच्या आणि मला निरोप यायचा तो सगळ्यात शेवटी.

त्या गुरुवारी सकाळपासून धुके उतरलेले होते. दवाखान्यात सर्दी-तापाची रांग होती, आणि एका बाळाने नुकतीच माझ्या कोटावर उलटी केली होती. नुबिया रांग मोडून आत आली. हातात माझा कोट, कागदात गुंडाळलेला.

"डॉक्टर, ताईला परत तेच झालंय," ती म्हणाली. "मागच्या गोळ्या लिहून द्या, मी जाते."

"तेच म्हणजे?"

"पास्मो. तोंड फिरलं. माझीच चूक आहे, मी तिच्यासमोर फ्रिज उघडला." तिचे डोळे सुजलेले होते. "ती ओरडली पण नाही मला."

"न बघता गोळ्या देत नाही मी. रांग संपली की येते."

"येऊ नका. दार उघडलं की वारा आत शिरतो. मी खिडक्यांना चिंध्या लावून आलेय. गोळ्याच द्या."

मी वाद घालायच्या तयारीत होते, पण बाहेर पोरे रडत होती. बरे, बघू, असे काहीतरी म्हणून मी अंगावरचा घाण कोट काढला आणि तिने आणलेला उलगडला. नुबियाने हात पुढे केला, जसा काही तो कोट तिला परत हवा होता. उजवी बाही आत दुमडून ठेवलेली होती. मी ती बाहेर ओढली. कोपरापासून मनगटापर्यंत तपकिरी डाग, इस्त्रीच्या आकाराचा, मधोमध कापड पार जळून गेलेले.

"हे काय?"

नुबिया रडायला लागली. "ती म्हणाली दाखवू नकोस. घडी आत घालून दे म्हणाली."

"इस्त्री हातातून पडली?"

"नाही. हातातच होती. हलवलीच नाही तिने. मला जळाल्याचा वास आला म्हणून आत गेले, तर ही नुसती बाहीकडे बघत उभी. मीच तिचा हात धरून उचलला."

चेहऱ्याच्या नसेला हाताशी काही देणेघेणे नसते. ती नस सुजली तर तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही, पण हात इस्त्री उचलायला विसरत नाही. तोंड आणि हात एकदम गेले तर बिघाड वर असतो, मेंदूत.

"हे कधी झालं? नीट आठव."

"शाळेत मधल्या सुट्टीची घंटा वाजत होती."

"आणि त्याच्या आधी ती बरी होती? बोलत होती?"

"घंटेच्या आधी मला शिव्या देत होती, कांजी पातळ केली म्हणून."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत आले होते. घंटा होऊन दीड तास झाला होता. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, नंतर देऊन उपयोग नाही, उलट धोका. ते इंजेक्शन आणि त्याआधी लागणारा डोक्याचा स्कॅन मानिसालेस शहरात. रस्ता दोन तासांचा, आणि तोही धुके नसताना.

रांगेची काळजी घ्यायला नर्सला सांगून मी ओव्हिदियोला, म्हणजे आमच्या रुग्णवाहिकेच्या चालकाला, हाक मारली. एडिल्माच्या गल्लीला पायऱ्या आहेत, गाडी आत जात नाही. गाडी चौकात देवळापाशी लाव, हीटर चालू ठेव आणि स्ट्रेचर घेऊन वर ये, एवढे त्याला सांगितले आणि जळका कोट काखोटीला मारून नुबियाबरोबर निघाले.

घरात अंधार होता. निलगिरीच्या पानांची वाफ, बंद खिडक्या, इस्त्रीच्या टेबलावर कपड्यांचे ढीग. एडिल्मा खुर्चीत बसली होती, अंगावर रुआना, म्हणजे डोक्यातून घालायची लोकरीची घोंगडी, आणि डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलेला टॉवेल. पुढ्यात गुळाचे गरम पाणी. तिने डाव्या हाताने कप तोंडाला लावला, घोट घेतला आणि तिला जोराचा ठसका लागला.

"कप खाली ठेवा. नुबिया, हिला आता काही द्यायचं नाही. पाणी नाही, ॲस्पिरिन नाही, काही नाही."

"ॲस्पिरिन तरी..."

"नाही म्हटलं ना. आत गुठळी आहे की रक्तस्राव, मला इथून कळत नाही. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन तिला मारेल."

मी टॉवेल सोडला. तोंडाचा उजवा कोपरा खाली उतरला होता. हसा म्हटले.

"मी काय फोटोला बसले?" ती म्हणाली. शब्द जाड येत होते, जिभेवर लोकर बसल्यासारखे.

"दोन्ही हात पुढे करा. डोळे मिटा."

डावा हात राहिला. उजवा हळूहळू खाली आला, आणि तो खाली येतोय हे तिला कळत नव्हते. दोन्ही डोळे मात्र घट्ट मिटले होते. बोट टोचून साखर बघितली, कारण साखर उतरली तरी ती असेच सोंग घेते. साखर ठीक होती. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे ऐंशीच्या आसपास.

"भुवया वर करा, दोन्या एडिल्मा."

तिने केल्या. कपाळावर आठ्या पडल्या, डावीकडे पडल्या आणि उजवीकडेही पडल्या. एरवी कुणाच्या कपाळावर आठ्या बघून मला कधी रडू आले नव्हते. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. एक बाजू बंद पडली तरी दुसरी ते काम निभावून नेते, म्हणून तोंड लोंबते आणि कपाळ शाबूत राहते. मागच्या वेळी गेली होती ती नस. या वेळी मेंदू जात होता, माझ्यासमोर, मिनिटामिनिटाने.

"शहरात जायचंय. आत्ता. ओव्हिदियो येतोय."

"मी नाही जात."

"हा पास्मो नाही."

"तेच आहे. मला माहीत आहे, मला आधी झालंय. तुला झालंय का कधी?" ती टॉवेल परत गुंडाळायला लागली, एका हाताने, आणि तो जमेना. "इस्त्रीवरून उठून धुक्यात गेले तर राहिलेलं तोंडही जाईल."

"तोंड गेलं तर जाऊ दे. हात जाईल, वाचा जाईल, कळतंय का तुम्हाला?"

"ओरडू नकोस. समुद्रावरची माणसं नुसती ओरडतात."

"मागच्या वेळी घरात बसूनच बरी झाली होती, डॉक्टर," नुबिया मध्ये पडली. "गोळ्या द्या ना. थोडे दिवस बघू."

थोडे दिवस. मला त्या दोघींना गदागदा हलवावेसे वाटले. ओव्हिदियो स्ट्रेचर घेऊन दारात आला, तर नुबियाने दार त्याच्या तोंडावर लोटले, वारा येतो म्हणून. तो बाहेरून विचारत राहिला, "डॉक्टर, येऊ का? डॉक्टर?" एडिल्मा मान खाली घालून बसली होती आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ रुआन्यावर पडत होती. ती तिला पुसताही येत नव्हती. ओरडून ही बाई उठणार नाही, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवे होते. मी भिंतीवरचा आरसा काढला आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसले.

"मागच्या वेळी मी तुम्हाला आरसा दाखवला होता. काय म्हणाले होते?"

"अर्धं कपाळ. इस्त्री."

"आता भुवया वर करा. बघा."

तिने बघितले. पुन्हा वर केल्या, पुन्हा बघितले. ज्या बाईने आयुष्यभर कापडावरच्या घड्या मोजल्या तिला कपाळावरच्या मोजायला वेळ लागला नाही.

"दोन्हीकडे आहेत," ती म्हणाली.

"मागच्या वेळी नव्हत्या. तेव्हाचं दुखणं वेगळं होतं, हे वेगळं आहे." मी काखेतला कोट तिच्या मांडीवर पसरला, जळकी बाही वर ठेवून. "आणि हे बघा. मागच्या वेळी पास्मो झाला तेव्हा काही जळलं होतं?"

तिने नुबियाकडे असे बघितले की नुबिया भिंतीला टेकली. मग तिने डावा हात त्या डागावर ठेवला.

"तुमच्या आईने पास्मोबद्दल सगळं सांगितलं होतं ना? पास्मो झाला की हात इस्त्री विसरतो, असं कधी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग त्या हातासाठी चला."

"परत येईल? हात?"

मी खोटे बोलू शकले असते. "माहीत नाही. इथे बसलात तर येणार नाही, हे मात्र नक्की माहीत आहे."

ती त्या डागावरून हात फिरवत राहिली. बाहेर ओव्हिदियो खोकला.

"अंगाला वारा लागता कामा नये," ती शेवटी म्हणाली. "एवढासुद्धा. डोक्यापासून पायापर्यंत झाका."

कधी तिची समजूत काढायची आणि कधी तिचे ऐकायचे, हे ठरवायला वेळ नव्हता. मी म्हणाले झाकू. रुआना घातला, वर ब्लँकेट, आणि ढिगातली एक पांढरीशुभ्र, कांजी घातलेली चादर तिच्यावरून पांघरली, डोक्यावरूनसुद्धा. स्ट्रेचर पुढून ओव्हिदियोने धरले, मागून मी, आणि नुबिया चादरीची टोके धरून बाजूने चालली. धुक्यातून पायऱ्या उतरून आम्ही चौकात आलो.

आता डोक्यापर्यंत पांढऱ्या चादरीत झाकलेली बाई, बहीण रडत बाजूने चाललेली, डॉक्टरीण मागे. चौकात बसलेल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. बायकांनी छातीवर क्रूस काढला. देवळाचा घंटावाला एव्हेलियो दारातच उभा होता. त्याने एकदा बघितले आणि आत पळाला. आम्ही चौकाच्या मध्यावर असतानाच मयताची घंटा सुरू झाली, एकेक ठोका लांबवत.

"बंद कर रे ती," मी ओरडले. कोण ऐकतो.

चादर हलली. म्हाताऱ्यांपैकी एक जण मागे सरकून बाकावरून पडता पडता राहिला. आतून तो जाड आवाज आला, "सांगा त्याला... वेदीचं कापड माझ्याकडे आहे. कुणाच्या... मयताची प्रार्थना करतो तो."

ओव्हिदियो हसला, नुबिया रडता रडता हसली. मला हसता आले नाही, कारण त्या वाक्यात तिने दोनदा शब्द शोधला होता, आणि घरी ती शोधत नव्हती.

नुबियालाही गाडीत घेतले आणि रस्त्यात मी शहरातल्या इस्पितळाला फोन केला. बाई साठीच्या पुढची, उजवी बाजू, घंटेची वेळ, साखर, रक्तदाब, सगळे सांगितले, स्कॅनची खोली मोकळी ठेवा म्हणाले. गाडीच्या काचा बंद आणि हीटर चालू. घामाने माझे केस कपाळाला चिकटले होते. मी तिच्या तोंडावरची चादर काढली तेव्हा ती काही बोलली नाही. अर्ध्या वाटेवर दरड कोसळलेली होती. एकाच बाजूने वाहने सोडत होते, आणि कॉफीची पोती भरलेले ट्रक समोरून एकामागून एक येत होते. ओव्हिदियोने सायरन लावला. झेंडीवाल्याने हात वर करून थांबायची खूण केली, पुढे जागाच नाही, असे. आम्ही थांबलो.

"दोन्या एडिल्मा, माझ्याशी बोला. पाद्र्यांच्या झग्याला किती घड्या?"

"सात."

"प्रसादाच्या फ्रॉकला?"

तिने तोंड उघडले. माझ्याकडे बघत राहिली. तिला उत्तर माहीत होते, ते तिच्या डोळ्यांत दिसत होते, पण ते बाहेर येईना. डाव्या हाताने तिने उजवा हात मनगटाला धरून छातीशी ओढला, मांजराचे पिल्लू धरावे तसा, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा बघत होते. मला भीती वाटली, साधी भीती, शिकलेल्या माणसाला वाटते तशी नाही. ओव्हिदियो खाली उतरून झेंडीवाल्याशी हातघाईवर आला. शेवटी समोरचा एक ट्रक मागे घेतला गेला आणि आम्ही दरडीच्या कडेने, चाक कड्यावरून जाईल असे वाटत, पुढे सरकलो.

इस्पितळात दार उघडून माणसे उभी होती. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. रक्तदाब थोडा खाली आणला आणि इंजेक्शन सुरू केले, तेव्हा मुदत संपायला फारसे काही उरले नव्हते. मी बाहेर बाकावर नुबियाच्या शेजारी जाऊन बसले.

"फ्रिजमुळे झालं ना?" तिने विचारले.

"नाही. फ्रिजचा काही संबंध नाही. रक्तदाबामुळे झालं. गोळ्या घेत होती का ती?"

"डबा भरलेला आहे," नुबिया म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "म्हणजे मी नाही केलं."

"तू नाही केलंस."

तिने माझा खांदा पकडून तोंड त्यात खुपसले आणि मोठ्याने रडली. जाणारे-येणारे बघत होते. मी तिला रडू दिले. संध्याकाळी आतल्या डॉक्टरने मला बोलावले. एडिल्मा डोळे उघडून पडली होती. मला बघताच तिने ओठ हलवले आणि म्हणाली, हळू, एकेक अक्षर जुळवून, "चार. आणि... मागे... एक." प्रसादाच्या फ्रॉकच्या घड्या. ती वाटेतला प्रश्न सोडायला तयार नव्हती.

वाचा बरीचशी परत आली. हात सावकाश आला, आणि पूर्ण आला नाही. शहरातल्या व्यायामवाल्या बाईने तिला रबराचा चेंडू दाबायला दिला होता. एडिल्माने तो कोंबड्यांपुढे फेकला आणि ओल्या कपड्याचा पिळा पिळायला घेतला. पाण्यात हात घालून. नुबियाने मला हे येऊन सांगितले तेव्हा मी तिला ते पुन्हा सांगायला लावले. पण इस्त्रीनंतर पाणी नाही, तो नियम तिने सोडलेला नाही, आणि मी आता त्यावर हसत नाही. त्याला तिने एक जोड दिली आहे, सकाळची गोळी गिळल्याशिवाय इस्त्रीची पिन लावायची नाही. गावात आता कुणाचे तोंड वाकडे झाले की चिंध्या कोंबायच्या आधी बायका म्हणतात, भुवया वर कर बघू. आठ्या दोन्हीकडे पडल्या तर उचलून माझ्याकडे आणतात, डोक्यापर्यंत झाकून.

बऱ्याच महिन्यांनी एका गुरुवारी ती स्वतः दवाखान्यात आली. रांग होती. तिच्या हातात माझा कोट होता, तोच, कोपराखालून नवे कापड जोडलेला. तिने तो स्वतः इस्त्री केला होता, परत आल्यापासूनचा पहिलाच. मी तो घातला. ती एक पाऊल मागे सरली आणि बघत उभी राहिली, पहिल्या दिवशी उभी होती तशी.

उजव्या बाहीवर दोन घड्या होत्या. एक बरोबर, आणि दुसरी तिच्या शेजारून वाकडी गेलेली, जिथे हात अडला असेल.

"दिसतात का?" तिने विचारले.

"काय?"

"दोन घड्या."

"छे. मला तर एकच दिसते," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितले. तोंडाचा उजवा कोपरा अजून थोडा मागे राहतो, त्यामुळे तिचा राग आता अर्ध्याच चेहऱ्यावर दिसतो, पण तेवढा पुरतो.

"हात परत येईल का म्हणून विचारलं, तेव्हा तू खोटं नाही बोललीस," ती म्हणाली. "म्हणून आले मी तुझ्याबरोबर. आता दिसतात का?"

मी बाही उजेडात धरली.

"दिसतात," मी म्हणाले. "दुसरी वाकडी आहे."

"काढ."

मी कोट काढून तिच्या हातात दिला. तिने तो डाव्या हाताने उजव्या हातावर टाकला, नीट, चुरगळू न देता, आणि पायऱ्या चढून घरी गेली. मी त्या दिवशीचे सगळे रुग्ण नुसत्या ब्लाउजवर तपासले.